आमच्या गल्लीत कुणी मागत नाही

२ फेब्रुवारी

बसली एकदाची पेटी. शिडी माझी, घाम माझा, आणि कंपनीचा साहेब खाली सावलीत उभा राहून सांगतोय, "जरा डावीकडे घ्या." अरे बाबा, या खांबांवर माझं उभं आयुष्य गेलं. अख्ख्या वस्तीला टीव्ही दाखवला मी. अजून लोक मला केबलवाला म्हणूनच हाक मारतात, केबल मरून गेली तरी. सगळ्यांनी एकेक करून तोडायला लावली. आता जो तो मोबाईलमध्ये मान घालून बसलेला असतो.

म्हणून ही ब्रॉडबँडची एजन्सी घेतली. खांबावरच्या पेटीतून काचेच्या तारेनं इंटरनेट थेट घरात. साहेबानं जाताजाता बजावलं, मे अखेरपर्यंत वाट बघू. गल्लीतली बऱ्यापैकी घरं जोडली गेली तर पेटी राहील, नाही तर जिथं मागणी आहे तिथं हलवू. मी म्हटलं, साहेब, मागणीची काळजी तुम्ही करू नका. असं छातीठोक बोलून तर बसलोय. आता दारं वाजवायला लागणार.

पहिली जोडणी माझ्याच घरात. नमुना म्हणून.

६ फेब्रुवारी

लेक आली, नातीला, चिंगीला घेऊन. जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यातच. ती विमा कंपनीचे दावे तपासते, दिवसभर स्क्रीनसमोर. कुठंही बसून करता येतं म्हणे, फक्त लाईन पक्की हवी. "बाबा, तुमच्याकडे लाईन आली म्हणून आले. बघू, जमलं तर राहीन थोडे दिवस."

म्हणजे बापासाठी नाही, लाईनसाठी! असं मी बायकोला म्हणालो, तर ही म्हणाली, "अहो, आली ना? मग गप्प बसा."

गप्पच आहे. पण खरं लिहायचं तर, सकाळी चिंगीनं माझी चप्पल पळवून पलंगाखाली नेली आणि मला इतका आनंद झाला की मी अर्धा तास अनवाणी हिंडलो. हे बाहेर बोलायची सोय नाही. लोक म्हणतील, म्हातारा झाला.

११ फेब्रुवारी

दारोदार फिरलो. पालथ्या घड्यावर पाणी.

"मोबाईलमध्ये आहे की नेट." हे प्रत्येक दारात. मी वेग समजावून सांगतो. एक सिनेमा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उतरतो! लोक म्हणतात, एवढी घाई कुणाला आहे?

शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी निदान बसायला खुर्ची दिली. प्रश्न मात्र असे की डोक्याला हात लावावा. "दादा, आठवड्याचं घेता येईल का? काम असेल तेव्हा चालू, नसेल तेव्हा बंद? आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, त्याचं काय? आणि वीज गेली की हे चालतं का?"

मी म्हटलं, बाई, हे काय दूध आहे, आज अर्धा लिटर, उद्या नको म्हणायला? वर्षाचा करार असतो. "वर्षाचं कुणी सांगावं," म्हणाल्या आणि शिलाईमशीनला पाय लावला. झालं आमचं बोलणं.

समोर राहणाऱ्या घड्याळजीकडे गेलोच नाही. तो जन्मापासून बहिरा. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्याला नेट घेऊन काय करायचंय?

१९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. आज पुन्हा चार दारं, चार नकार. एकानं तर चहा पाजून नकार दिला, तो जास्त लागला.

केबलच्या वेळी असं नव्हतं. एका घरात टीव्ही लागला की शेजारचे रात्रीतून चोरून वायर जोडून घ्यायचे. पक्कड घेऊन मी गच्च्या पालथ्या घालायचो, कापत सुटायचो. हैराण केलं होतं मला. पण ज्या गल्लीत जास्त चोरी, ती गल्ली पुढं सगळ्यात आधी गिऱ्हाईक व्हायची, हेही खरं. कारण एकदा बघायची सवय लागली की सुटत नाही. ते दिवस गेले. आताची माणसंच थंड.

घरी राऊटर कुणीतरी कपाटावरून उचलून खिडकीत ठेवलाय. हिला विचारलं, तर म्हणाली, धूळ पुसायला हलवला होता. परत जागेवर ठेवला. संध्याकाळी पुन्हा खिडकीत.

१ मार्च

लेकीनं तिची मोठी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकायला लावली. जागा अडते म्हणाली. कंबर धरली माझी. परत काढताना पुन्हा मलाच चढायचंय, हे कुणाच्या डोक्यात नाही.

जेवताना विचारत होती, इथं पाळणाघर कुठलं चांगलं आहे, म्हणून. तिच्या कुठल्याशा मैत्रिणीला हवं असेल. मी म्हटलं, मी केबलवाला आहे, मला पाळणाघरं काय माहीत? मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. बायकांचं काही कळत नाही.

आज एक जोडणी झाली. दवाखान्याच्या डॉक्टरांची. तीही त्यांना मुलानं परगावाहून बळेच घ्यायला लावली. साहेबाला फोन करून अशा थाटात सांगितलं की जणू रांग लागली आहे.

१० मार्च

आमच्या घराच्या पायऱ्यांची धर्मशाळा झाली आहे. दुपारी शिंपीणबाई बसलेल्या, मोबाईलमध्ये कुठल्याशा देशातली बाई कॉलर कशी कापते ते बघत, मांडीवर कागद, हातात खडू. पलीकडे नर्सिंगचा कोर्स करणारी पोरगी कानात बोळे घालून काहीतरी लिहून घेतेय. आणि घड्याळजी! तो मोबाईल पायरीवर टेकवून त्याच्यासमोर हातवारे करत होता. हसतोय काय, डोळे मोठे करतोय काय, बोटं नाचवतोय काय. मी बघितलं तर पडद्यावर दुसरा एक माणूस, तोही तसेच हातवारे करतोय. दोघंही खुळे. भर दुपारी उन्हात बसून हे खेळ.

मी म्हटलं, उठा, वाटेत बसू नका, आत मुलगी काम करते. सगळे उठले. घड्याळजीला कळलंच नाही, त्याची पाठ होती माझ्याकडे. खांद्यावर थापटी मारली तेव्हा दचकला आणि हात जोडून निघून गेला.

रोज दारोदार फिरून गिऱ्हाईक मिळत नाही, आणि दारात बघावं तर हे रिकामटेकडे. वैतागलोय.

२१ मार्च

स्फोट झाला आज.

लेकीची महत्त्वाची मीटिंग मध्येच तुटली. तिचा साहेब बोलत होता आणि ती इकडे गोठलेली. मी कंपनीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, लाईन उत्तम आहे. तुमच्या घरात माणसं किती आहेत हो? एखाद्या हॉटेलएवढा वापर आहे."

मी पायऱ्यांकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. ही भाजी निवडत होती आणि मान वर करेना.

अख्ख्या गल्लीला पासवर्ड वाटून ठेवलाय हिनं! मी वहाणा झिजवतोय विकायला आणि घरची लक्ष्मी फुकट वाटतेय! तोंडाला येईल ते बोललो. ही म्हणाली, "अहो, घड्याळजीचा भाऊ परदेशात आहे, तोही तसाच. साध्या फोनवर बोलणार कसे ते? मोबाईलच्या नेटवर हात दिसेपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं. बारा वर्षांनी भावाशी नीट बोलला तो."

मी म्हटलं, मग घ्यावी की त्यानं जोडणी! आपल्या जिवावर भावाभावांच्या गप्पा कशाला?

"तुम्ही त्याच्या दारात गेलात का?" ही म्हणाली.

असले प्रश्न विचारून माणूस गप्प करायचा, ही हिची जुनी खोड. लेक मध्ये पडली, "बाबा, मीटिंगच्या वेळी त्यांना थांबायला सांगू. मी बघते." मी ऐकलं नाही. पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितला नाही. लेकीच्या मशीनमध्येसुद्धा माझ्या हातानं घातला. आता बघा, फुकट बंद झालं की येतात का नाही रांगेत.

३ एप्रिल

कुणी आलं नाही.

आली ती शिंपीणबाई, आणि काय घेऊन, तर तोडगा. "दादा, आमच्या जिन्यातली सगळी घरं मिळून एक घेतो. वर्गणी काढू. राऊटर जिन्यात लावू, भिंतीला भोकही नको. मी जमा करून तुम्हाला देत जाईन."

एक घर, एक वायर. केबलपासूनचा नियम आहे माझा. कंपनी घरं मोजते, बाई, जिने नाही. तुमचा अख्खा जिना मिळून माझं एक घर होणार. मला काय फायदा? म्हणाल्या, "फायदा म्हणजे, पुढं ज्याला परवडेल तो आपली घेईल की." पुढचं कुणी बघितलंय? नाही म्हटलं.

घड्याळजीही येऊन गेला. मोबाईल पुढं केला, पडद्यावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मला उगाचच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावंसं वाटलं.

पायऱ्या रिकाम्या आहेत. हवं होतं तेच झालंय, तरी दाराशी बसवत नाही.

९ एप्रिल

लेकीनं विचारलं, "बाबा, लाईन राहील ना इथं? नक्की सांगा." मी म्हटलं, तुझा बाप आहे ना बसलेला? तुझ्या त्या मीटिंगा चालतील. "मीटिंगचं नाही," म्हणाली, मग चिंगी रडायला लागली म्हणून उठून गेली. राहिलंच ते बोलणं.

चिंगी आता मला 'आबू' म्हणते. आजोबा आणि बाबा यांची खिचडी केली आहे कार्टीनं.

२५ एप्रिल

आज खूश आहे. साहेब आला होता, आणि मी त्याला असा काही गुंडाळला की यंव!

त्यानं विचारलं, मोजकीच घरं झालीत, अडचण काय आहे? आता इथं माझा अनुभव कामाला आला. केबलच्या वेळी दरवर्षी चॅनलवाले करार करायला यायचे. मी ठरलेलं वाक्य टाकायचो, "तुमचं चॅनल आमच्याकडे कुणी बघत नाही हो. काढून टाकणार आहे." लोक तेच चॅनल बघायला जेवणं टाकून बसायचे, ते सोडा. पण असं म्हटलं की दर खाली यायचा. दरवर्षी यायचा! ते गाऱ्हाणं करायचे, मी जांभया द्यायचो, शेवटी चहा घेऊन निम्म्यावर सौदा. धंद्यात आपल्याला गरज आहे हे दाखवायचं नसतं, ताकास तूर लागू द्यायची नाही.

तेच केलं. पाय पसरून बसलो आणि म्हटलं, "साहेब, खरं सांगू? इथं कुणाला नको आहे हे. मोबाईलवर भागतं सगळ्यांचं. पेटी उचलून न्या हवं तर, मला काही फरक पडत नाही."

साहेब हातातल्या टॅबवर टिपत होता. "म्हणजे मागणी नाही?"

"मागणी? गल्लीत कुणी नावसुद्धा काढत नाही."

"तुमचं हे मत म्हणून वर कळवू?"

"खुशाल कळवा." आणि मी जांभईसुद्धा दिली.

आता वरून फोन येईल, की दर कमी करतो, आठवड्याचा प्लॅन देतो, पण सोडू नका. मग शिंपीणबाईंना ऐटीत सांगेन, घ्या तुमचं दूध.

लेक आतल्या खोलीत कानावर हेडफोन लावून कामात होती, तिनं काही ऐकलं नाही. बरंच झालं. तिला या खाचाखोचा कळायच्या नाहीत.

८ मे

फोन नाही. येईल. गरज त्यांना आहे. चॅनलवालेसुद्धा आधी ताणून धरायचे.

१६ मे

फोन नाही. आज दोनदा मोबाईल बंद करून चालू केला, बिघडला की काय म्हणून. ही म्हणाली, तुम्हीच करा की फोन. मी म्हटलं, जो आधी फोन करतो तो हरतो. "कोण कुणाशी खेळतंय?" म्हणाली. हिला धंद्यातलं काय सांगणार?

पण जेवण जात नाही हे खरं.

२९ मे

पेटी गेली.

गाडी आली, दोन अनोळखी माणसं उतरली, शिडी लावली. मी धावत गेलो. अहो, थांबा, बोलणी चालू आहेत! "आम्हाला फक्त काढायला सांगितलंय," म्हणाले. त्यांची शिडीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली होती. साहेबाला फोन लावला. पहिल्यांदा मी लावला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, कुणाला नको म्हणून? पेटी दुसऱ्या गावाला दिली. तिथले लोक मागे लागलेत."

मी म्हटलं, साहेब, ते बोलण्यात होतं! तसं म्हणायची पद्धत असते!

"कसली पद्धत?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. वयच काय पोराचं, चॅनलवाल्यांशी घासाघीस करताना मला त्यानं कुठं बघितलंय? मी समोर बसून नाही म्हणालो, त्यानं ते नाहीच धरलं.

आत लेक ओरडली, "बाबा, लाईन गेली." मी खांबाखाली उभा होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३१ मे

सांगितलं तिला. सगळं सांगितलं, चॅनलवाल्यांपासून. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "बाबा, मी इथंच राहणार होते. चिंगीसाठी पाळणाघर बघून ठेवलं होतं. आईला ठाऊक होतं. तुम्हाला लाईन पक्की झाली की सांगणार होते. उगाच आशेला लावायचं आणि मग जमलं नाही तर तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून."

मी म्हटलं, आणखी थोडे दिवस मोबाईलवर काढ की काम. काल दिवसभर तिनं तेच करून बघितलं होतं. एक दावा उघडेपर्यंत चहा गार होत होता. शेजारची पोरं खेळून घरी आली आणि सगळ्यांनी मोबाईल उघडले की तेही बंद. ऑफिसनं सोमवारची मुदत दिली आहे.

हिनं ताट वाढून ठेवलं आणि आत गेली. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

माळ्यावर चढून बॅग मीच काढून दिली.

३ जून

गेल्या. चिंगीला वाटलं, मीही येतोय. गाडीच्या खिडकीतून 'आबू, बस, बस' करत शेजारची जागा थोपटत होती.

घरात आल्यावर पलंगाखाली वाकून बघितलं. चपला जिथल्या तिथं होत्या. मला रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं.

१० जून

रविवारी लेकीनं व्हिडिओ कॉल केला. चिंगीचं तोंड उघडं आणि तसंच थांबलेलं. आवाज येतो तेव्हा चित्र नाही, चित्र येतं तेव्हा ती उठून गेलेली असते. मी गच्चीवर गेलो, टाकीवर चढलो, हात वर करून उभा राहिलो. खालून ही विचारतेय, "काही म्हणाली का?" म्हटलं, म्हणत असेल, दिसत नाही.

खाली उतरलो तर समोरच्या गच्चीवर घड्याळजी. तोही मोबाईल असाच वर धरून. त्याला एक हात मोबाईलला लागतो, त्यामुळे बोलायला एकच उरतो. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, नाही येत म्हणून. मीही हलवली. या माणसाच्या दारात मी गेलो नव्हतो. इतक्या वर्षांत आमचं हे पहिलं बोलणं असेल.

१४ जून

आज कंपनीच्या ग्राहक-सेवेला फोन केला. साहेबाला नाही, तो उचलत नाही. एक गोड आवाजाची मुलगी होती. मी नाव सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, आमच्या गल्लीत लाईन हवी आहे.

तिनं पत्ता घेतला, काहीतरी बघितलं. "सर, तुमच्या भागात आमची सेवा होती, पण बंद केली. तिथं मागणी नाही."

"कोण म्हणतं मागणी नाही? मी मागतोय ना! मला हवी आहे, शिंपीणबाईंना हवी आहे, समोर एक घड्याळजी आहे त्याला हवी आहे, नर्सिंगच्या पोरीला परीक्षेला हवी आहे. अख्खा जिना वर्गणी काढायला तयार आहे!"

"हो सर, पण नोंदीत स्पष्ट आहे. तिथल्या आमच्याच माणसानं कळवलंय की गल्लीत कुणी नावसुद्धा काढत नाही. तो तिथलाच राहणारा, त्याचं म्हणणं आम्ही कसं डावलणार? एवढ्यात पुन्हा पाहणी होणार नाही. त्यानं स्वतः लेखी कळवलं की माझी चूक झाली, तर मात्र वर विचार होऊ शकतो." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही ओळखता का त्यांना?"

ही दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"ओळखतो," मी म्हटलं. "फार हेकट माणूस आहे. आपलं चुकलं असं त्यानं अजून कुणाला लिहून दिलेलं नाही."

"तरी एकदा समजावून बघा ना, सर," ती म्हणाली.

बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हिनं कोरा कागद आणून समोर ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.